चिन्नोरचा वास

क्वार्टर सोडायचं होतं म्हणून मी चार दिवसांसाठी चंद्रपूरला आले होते. बाबा रिटायर झाले होते, आणि वीज केंद्राच्या वसाहतीत नोकरी संपली की घरही संपतं. सकाळीच ट्रक सामान घेऊन नागपूरच्या रस्त्याला लागला होता. आई पुढची खोली झाडत होती. बाबा चाव्या परत करण्याआधी मीटरचं रीडिंग उतरवून घेत होते. मला कुणी काही काम सांगितलं नाही, म्हणून मी आतल्या खोलीत गेले आणि उघड्या फरशीवर उताणी पडले. शाळेत असताना उन्हाळ्याच्या दुपारी अशीच पडायचे. वर छत होतं, आणि छताला तो डाग होता.

उकळून काळ्या पडलेल्या चहाच्या रंगाचा, कडेला जास्त गडद. बाबांनी दर दिवाळीला त्याच्यावर चुना मारला आणि दर पावसाळ्यात तो पुन्हा वर आला. आई झाडत झाडत दारात आली, माझ्याकडे नाही, डागाकडे पाहिलं आणि म्हणाली, "याच्यावर एक हात मारून द्यायला हवा होता. नवीन लोक काय म्हणतील." मग झाडू घेऊन स्वयंपाकघराकडे गेली. दहा-अकरा वर्षांत त्या डागाबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नव्हती. मीही नाही.

आमची बैठी क्वार्टरं पहिल्या टप्प्यातली. वर सिमेंटचे पत्रे, आणि उन्हाळ्यात माणसं भाजून निघू नयेत म्हणून पत्र्याखाली पुठ्ठ्यासारख्या पाट्यांचं छत. पत्रा आणि पाटी यांच्यामध्ये हात-दीड हात अंधार. पुढच्या बाजूला धुरांड्यांची रांग दिसायची आणि मागच्या भिंतीपलीकडे सिंदीची झाडं, दोन मोह आणि मग सागाचं रान सुरू व्हायचं. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची. ती झटकायची सवय हाताला इतकी लागली होती की नागपूरच्या होस्टेलवरही मी स्वच्छ ओढणी दोनदा झटकून खांद्यावर घ्यायचे. मार्च संपता संपता पहाटे मोहाची फुलं गळायची. त्या गोड, आंबूस वासात दगडी कोळशाचा वास मिसळायचा. हा मिसळलेला वास मला पुढे कुठेही मिळाला नाही. मिळावा असंही वाटलं नाही.

रान इतकं जवळ असल्यामुळे घरात कुणी ना कुणी यायचंच. न्हाणीत धामण यायची. न्हाणीवरच्या टाकीवर वानरं बसायची आणि झाकण काढून टाकीत फेकायची. पाण्याच्या उंच टाकीखाली आग्या मोहोळ लागायचं. वसाहतीत प्रत्येकासाठी माणूस ठरलेला होता. सापासाठी बॉयलर विभागातले एक टेक्निशियन. मोहोळासाठी धानोऱ्याकडून दोघं भाऊ यायचे. आणि चार पायांच्या कुठल्याही जनावरासाठी हबीबभाई. शेजारच्या वैरागडेकाकू म्हणायच्या, "वसाहत बांधली तवा जनावरायले नोटीस नसन भेटली. म्हणून बिचारे अजूनही जुन्या पत्त्यावर येऊन राह्यले."

त्या वर्षी आधी वास आला, जनावर नंतर कळलं.

चिन्नोर तांदूळ शिजताना येतो ना, अगदी तसा वास. आमच्या भागातला हा बारीक, सुवासिक तांदूळ. घरात तो सणाला नाहीतर पाहुण्यांना व्हायचा. आणि इथे संध्याकाळ झाली, गॅसवर काहीही नसलं, तरी आतल्या खोलीत भात उकळल्यासारखा वास दरवळायचा. आईनं दोनदा डबे उघडून पाहिले. वैरागडेकाकू मूळच्या गोंडपिपरीकडच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. त्यांचं नाक तांदळाच्या बाबतीत फसणारं नव्हतं.

"काऊन वं बाई, रोज चिन्नोर शिजवून राह्यली काय?" त्या कंपाउंडवरून आईला ओरडून म्हणाल्या. "साहेबाले प्रमोशन भेटलं अन् आम्हाले पेढेबी नाई?"

"अहो कसलं प्रमोशन! खिचडी केली आहे. तीही रेशनच्या तांदळाची."

"मंग तुमच्या रेशनवाल्याचा पत्ता देजा मले."

असं आठ-दहा दिवस चाललं. मग एका सकाळी आतल्या खोलीच्या खिडकीत सिंदीच्या बियांचा ढीग सापडला, आणि काकूंनीच निकाल दिला. "हे तं कांडेचोर हाये. उदमांजर म्हणते त्याले. त्याच्याच अंगाले तसा वास येते. आमच्या वावरातल्या कोठ्यात राहे. बुढी म्हणे का लक्ष्मी हाये, हाकलू नका." त्या आमच्या छताकडे पाहून हसल्या. "तुमच्या घरी लक्ष्मी आली बाई, पण मुताले आली."

डाग त्याच आठवड्यात दिसायला लागला.

मी तेव्हा आठवीतून नववीत जात होते. इंग्रजी शाळेची बस सव्वासहाला चौकात यायची. माझ्या वर्गातल्या मुली बहुतेक अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून यायच्या. बंगल्यांना पक्कं छत होतं, अंगणात गुलाब होते. मी शाळेत इंग्रजीत गप्प बसायचे आणि घरी मराठीत. पल्लवी माझ्या बाकावर बसायची. तिच्या केसांना शांपूचा वास यायचा आणि ती बोलताना समोरच्याचा हात धरायची. आठ वर्षांत मी कुणालाही घरी बोलावलं नव्हतं. परीक्षा संपल्या त्या दिवशी पल्लवीनं माझा हात धरून विचारलं, तुझा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो ना, या वर्षी आम्हाला बोलावणार की नाही? मी हो म्हटलं. रविवार ठरला. पल्लवी आणि आणखी दोघी येणार होत्या. घरी येऊन मी पुढची खोली पाहिली, मग आतली पाहिली, आणि मग वर पाहिलं.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. पल्लवीला हो म्हणण्याच्या आदल्या शुक्रवारी, म्हणजे त्या रविवारच्या नऊ दिवस आधी, मी पिल्लं पाहिली होती.

दुपारची वेळ. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या नुकत्याच बदलल्या होत्या, ओल्या वाळ्याचा वास घरभर होता. आई पुढच्या खोलीत झोपली होती. वर काहीतरी सावकाश कूस बदलत होतं, आणि त्या आवाजात दुसरा एक बारीक आवाज होता. ओल्या काचेवर बोट घासल्यासारखा. मी खूप वेळ ऐकलं. मग ट्रंकेवर स्टूल ठेवून चढले. कोपऱ्यातली एक पाटी सैल होती, वायरमननं कधीतरी उचललेली. ती चार बोटं वर केली आणि बाबांची टॉर्च आत धरली.

मोठं जनावर समोर नव्हतं, पाण्याच्या पाइपामागे सरकलं असावं. फक्त दोन हिरवे ठिपके दिसले. आणि पुढे, कुणाच्या तरी जुन्या बनियनच्या चिंध्यांवर, तीन पिल्लं. मुठीएवढी, करड्या रंगाची, डोळे मिटलेले. एक दुसऱ्याच्या पोटाखाली डोकं खुपसत होतं. भाताचा वास इतका दाट होता की मला भूक लागली. मी पाटी हळूच खाली ठेवली, ट्रंकेवरची धूळ पुसली आणि जागच्या जागी येऊन पडले.

कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे तोपर्यंत सांगण्यासारखं असं काही कधी नव्हतंच. त्यामुळे न सांगण्यासारखं मिळालं याचाच आनंद जास्त झाला होता. चार दिवस मी दुपार व्हायची वाट पाहत होते. पाटी पुन्हा उचलली नाही. नुसतं ऐकायचे.

मंगळवारी आईनं पलंगाची चादर बदलताना वर पाहिलं. एक थेंब चादरीवर पडला होता. "रविवारी तुझ्या मैत्रिणी येणार," ती म्हणाली. "उद्याच हबीबभाईंना बोलावते."

हबीबभाई जटपुरा गेटच्या आतले. मूळ धंदा पत्र्याचा. पेट्या, बादल्या, धान्याच्या कोठ्या आणि उन्हाळ्यात कूलर. पिंजरे ते स्वतः बनवायचे. जनावर पकडायची विद्या त्यांनी धानोऱ्याकडच्या एका गोंड म्हाताऱ्याकडून घेतली होती, असं ते सांगायचे. बुधवारी दुपारी ते लुनावर आले, मागे पिंजरा बांधलेला. उंच, वाकलेले, बोटांवर पत्र्याचे जुने काप. घराभोवती एक फेरी मारली, मागच्या भिंतीजवळ थांबले, फुटलेल्या पत्र्याच्या कोपऱ्याला नाक लावून वास घेतला. "मादी हाये," ते म्हणाले. आईनं पाणी दिलं. ते ओसरीच्या पायरीवर बसून प्याले.

त्यांच्या कामाचे काही नेम होते आणि साऱ्या वसाहतीला ते माहीत होते. पिंजऱ्यात ठेवायचं केळं ज्याच्या घरचं काम त्यानंच द्यायचं. सोबत मूठभर मोहफुलं ते स्वतः आणायचे. पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकायचं, आणि जनावर सापडलं की जंगलात सोडेपर्यंत ते पोतं उचलायचं नाही. माणसाचं तोंड दिसलं की जनावर जाळीवर नाक आपटून घेतं. जनावर गेलं की त्याच दिवशी भोक पत्र्यानं बंद करायचं. आणि पिल्लं असतील तर पिंजरा लावायचाच नाही.

शेवटच्या नेमासाठी त्यांची एक रीत होती. ते घरातल्या मोठ्यांना विचारायचे नाहीत. लहान मुलाला विचारायचे.

"मोठ्या माणसाले घर खाली पायजे असते, भाभी," त्यांनी आईलाच हसून सांगितलं. "तुमाले पुसलं तं तुम्ही नाईच म्हणसान. लेकरू खोटं बोलत नाई." आई हसली. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. ते पायरीवर बसले होते, मी उभी, म्हणून आमचे डोळे एका उंचीवर आले.

"बेटी, आतल्या खोलीत तूच राहते नं? अभ्यास करते?"

मी मान हलवली.

"वर पिल्लायचा आवाज येते काय? बारीक, चींऽ चींऽ असा? येत असन तं सांग, कोणी काई म्हणत नाई. मी वीस दिवस थांबतो. पिल्लं चालाले लागले का मायच घेऊन जाते त्यायले. मंग पिंजऱ्याची गरजच नाई."

वीस दिवस. मी रविवारपर्यंतचे दिवस मोजले, चार होते. मला पल्लवी दिसली, वर पाहणारी. आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिनं मला डोळ्यांनी काही सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिनं सांगितलं.

"नाही," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला लोखंडाचा वास होता.

गुरुवारी दिवेलागणीला मागच्या बाजूला खाडकन आवाज झाला. बाबा म्हणाले, "सापडलं." आम्ही कोणी बाहेर गेलो नाही, पोतं उचलायचं नव्हतंच. शुक्रवारी सकाळी हबीबभाई आले, ओलं पोतं तसंच ठेवून पिंजरा लुनाला बांधला. पोत्याखाली काही हललं नाही, आवाजही आला नाही. फक्त भाताचा वास फाटकापर्यंत गेला आणि रस्त्यावर विरून गेला. जाण्याआधी त्यांनी फुटक्या कोपऱ्यावर नवा पत्रा ठोकला. चारही बाजूंनी खिळे. मी आत पलंगावर बसून ते ठोके मोजले. अठरा होते.

मग आवाज सुरू झाला. सकाळी थोडा, दुपारी जास्त. काच घासल्यासारखा नव्हता आता तो. त्यात एक लय होती, कुणाला तरी बोलावण्याची. आई म्हणाली, "उंदीर असतील." बाबांनी कूलर पूर्ण वेगावर लावला. शनिवारी दुपारी मी पुन्हा ट्रंकेवर स्टूल ठेवून चढले. सैल पाटीला हात लावला. ती गरम होती, वरून ऊन तापत होतं. पाटी उचलली असती तर त्यांना खाली आणावं लागलं असतं, आणि खाली आणली असती तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं की मला माहीत होतं. मी हात काढून घेतला. स्टूल परत जागेवर नेऊन ठेवलं. हे करायला मला एक मिनिटही लागलं नाही.

रविवारी आईनं डागाच्या खाली कागदी झालर लावली. तिघी आल्या. गावातून आणलेला केक होता, गुलाबी फुलांचा, उन्हात जरा वाकलेला. बटाटेवडे होते. पल्लवीनं मला काचेच्या बांगड्या दिल्या. मेणबत्त्या विझवल्यावर क्षणभर सगळे गप्प झाले, आणि त्या क्षणात वरून तो आवाज आला. खूप बारीक झाला होता.

"हे काय वाजतंय?" पल्लवीनं इंग्रजीत विचारलं.

"कूलर," मी म्हटलं. "पंप खराब आहे."

एक जण म्हणाली, मांजरीसारखा वाजतो तुमचा पंप. सगळ्या हसल्या. मीही हसले. बाबांनी टेपरेकॉर्डर लावला. आम्ही भेंड्या खेळलो, आणि मला आठवतं, मी त्या दिवशी मोठ्यानं गायले. आईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं, तिनं मला इतकं मोठ्यानं गाताना कधी ऐकलं नव्हतं. जाताना पल्लवी म्हणाली, किती मजा आली, आणि तुमच्या घरात भाताचा काय छान वास येतो.

मंगळवारी दुपारी मी पडून राहिले आणि ऐकत राहिले. वाळ्यावरून पाणी ठिबकत होतं. लांब भोंगा झाला, शिफ्ट बदलली, बसेस गेल्या. वर काही नव्हतं.

आठवडा सरता सरता वास पालटला. भाताच्या वासाच्या आतून दुसरा वास वर येत होता, आणि गंमत म्हणजे पहिला गेला नव्हता. दोन्ही एकत्र होते. वैरागडेकाकू कंपाउंडपाशी आल्या, पदर नाकाला लावला आणि पहिल्यांदाच काही विनोद न करता परत गेल्या. आईला जेवण जाईना. बाबांनी वसाहतीच्या कमिटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार केली. तक्रार कोणाविरुद्ध, हे त्यांनी अर्जात लिहिलं होतं.

हबीबभाईंना बोलावलं गेलं तेव्हा आमच्या अंगणात पाच-सहा माणसं होती. ते आत गेले, सैल पाटी त्यांना लगेच सापडली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचाच गमछा होता, चार टोकं धरून उचललेला. त्यांनी तो जमिनीवर ठेवला नाही, तसाच धरून उभे राहिले.

"तुम्ही तर म्हणता पिल्लं असली की पिंजरा लावत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "मग हे काय आहे? सगळ्या लाइनीत वास सुटलाय. घरात पोरंबाळं राहतात."

"गलती झाली साहेब."

"विचारायला नको होतं? चौकशी करायला नको होती?"

मी दारात होते. आई माझ्या मागे होती, बाबा अंगणात. त्या बुधवारी पायरीवर काय विचारलं गेलं आणि काय उत्तर मिळालं, ते आईनं ऐकलं होतं. बाबांना तिनं जेवताना सांगितलं होतं, हसत, की हबीबभाई आपल्यापेक्षा आपल्या पोरीवर जास्त विश्वास ठेवतात. म्हणजे आम्हा तिघांनाही माहीत होतं. हबीबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काय करते ते पाहावं, इतकंच. मी माझ्या बांगड्यांकडे पाहत होते.

"पुसलं नाई साहेब," ते म्हणाले. "माझ्याच ध्यानात नाई राह्यलं."

गमछा घेऊन ते फाटकातून बाहेर पडले. लुना मागे बांधलेल्या पिंजऱ्याशिवाय बारकी दिसत होती. त्यानंतर वसाहतीत त्यांना कुणी बोलावलं नाही.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "माणूस चांगला होता." आई म्हणाली, "त्यांनीच म्हटलं ना, विचारलं नाही म्हणून." तिनं माझ्या ताटात वरण वाढलं. आमच्या घरात या विषयावर एवढंच बोलणं झालं. आमचं घर तसं सुशिक्षित आहे, कुणी कुणाला टोचून बोलत नाही.

पुढच्या वर्षी कमिटीनं नागपूरच्या एका कंपनीला कंत्राट दिलं. निळ्या गणवेशाची, तोंडाला फडकं बांधलेली माणसं दर तीन महिन्यांनी यायची. घरात कोण राहतं, कुठून आवाज येतो, असलं काही विचारायची नाहीत. भोकं बुजवायची, जाळ्या ठोकायची, पांढऱ्या वड्या टाकायची आणि कागदावर आईची सही घ्यायची. काही मेलं तर काळ्या पिशवीत घालून न्यायची, वास सुटण्याच्या आत. वानरं टाक्यांवरून गेली. वटवाघळं गेली. मागच्या सिंदीखाली बियांचे ढीग दिसेनासे झाले. सगळे खूश होते. पल्लवी त्यानंतर दोनदा घरी आली. दोन्ही वेळा मला वाटलं, ही लवकर जावी. दहावीनंतर तिच्या वडिलांची बदली झाली. तिनं पाठवलेल्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही.

फरशीवर पडून मी हे सगळं आठवत होते असं म्हणणं खोटं होईल. हे मी कधी विसरलेच नव्हते. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की संध्याकाळी गाडीत बसल्यावर चंद्रपूरला यायचं मला काही कारण उरणार नाही. गाडीला तीन तास होते. मी उठले, आईला म्हटलं, "गावात जाऊन येते." तिनं काय काम आहे असं विचारलं नाही.

जटपुरा गेटच्या आत, ऑटोवाल्याला दोनदा विचारत, पत्रेवाल्यांच्या गल्लीत पोचले. एप्रिल होता. गल्लीभर कूलरच्या पेट्या रांगेत उभ्या होत्या, नव्या पत्र्यावर ऊन आदळून डोळ्यात जात होतं, आणि पाच-सहा दुकानांतून एकाच वेळी लाकडी मोगऱ्यांचे ठोके पडत होते. हबीबभाई तिसऱ्या दुकानात होते. दाढी पांढरी झाली होती, चष्म्याच्या काचा जाड. मला पाहून त्यांनी मोगरी थांबवली.

"कूलर पायजे काय बाई? दोन दिवस लागन."

"नाही. मी वसाहतीतून आले. तुम्ही आमच्याकडे पिंजरा लावला होता. उदमांजरासाठी."

"पिंजरे बंद केले मी."

"माहीत आहे," मी म्हटलं. पुढचं वाक्य मी वर्षानुवर्षं तयार करून ठेवलं होतं, आणि ते आठवेना. मग साधंच निघालं. "तुम्ही मला विचारलं होतं. पिल्लं आहेत का. मी नाही म्हटलं. मला माहीत होतं. मी वर चढून पाहिली होती."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. मग त्यांनी पायानं एक रिकामा डबा माझ्याकडे सरकवला, बसायला. मी बसले.

"मले बी मालूम होतं," ते म्हणाले.

शेजारच्या दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं. ते थांबेपर्यंत हबीबभाई थांबले.

"त्या दिवशी नाई. मागून, सोडाले गेलो तवा. गोंडपिपरीच्या रस्त्यानं गेलो, नाला हाये तिथी. पोतं काढलं, दार उघडलं. जनावर असं सुटते का दिसतबी नाई. हे नाई पळालं. चार पावलं गेलं अन् मंग रस्त्याकडे तोंड करून बसलं. मी दगड मारला तरी उठेना. तवाच समजलं. सकाळचे आठबी नसन वाजले."

"मग?"

"मंग काय? परत येता आलं असतं. पत्रा काढाले किती वेळ लागते? पण तिकडे बल्लारशाले एका गोदामात काम ठरलं होतं. म्हटलं, लेकरू नाई म्हणते तं नाई असन. लेकरू खोटं बोलत नाई, हे मीच सगळ्याले सांगत होतो नं." ते मोगरी हातात फिरवत होते. "तुह्या नावावर सोडून देलं मी, बेटी. अन् बल्लारशाले गेलो."

मला वाटलं होतं, ते रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्हीसाठी मी तयार होते. याच्यासाठी नव्हते. त्यांनी माझ्यावर टाकलं आणि मी त्यांच्यावर, आणि अंगणात त्या माणसांसमोर त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं तेव्हा मला ते मोठेपण वाटलं होतं. इतकी वर्षं मी त्या मोठेपणाखाली मान खाली घालून होते. आता ते ओझं हललं, पण उतरलं नाही. नुसती जागा बदलली.

"शुक्रवारी आले असते तर..." मी म्हटलं.

"जगले असते. शनवारीबी जगले असते. इतवारीबी, कदाचित."

रविवारी मी गात होते. हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक गिऱ्हाईक आलं, कूलरची जाळी दाखवून भाव विचारायला लागलं. हबीबभाईंनी त्याला हातानं थांबवलं. माझ्याकडे न पाहता विचारलं, "तू पाह्यले तवा डोळे उघडले होते काय त्यायचे?"

"नाही. मिटलेले होते."

"तिघायचेबी?"

"तिघांचेही."

त्यांनी मान हलवली. जुन्या कामाची एखादी मोजणी जुळावी तशी.

"मी खाली काढले तवा उघडले होते," ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले.